पावती मागितली की उधारी बंद होते, मग काय करायचं?

(फेडरेशनच्या जून महिन्याच्या सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. सभेत ताईंनी मध्येच विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं तशीच ठेवली आहेत.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘ग्राहक संरक्षण कायद्याची माहिती’ असं लिहिलंय. ते वाचून मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी जांभई दिली, मी पाहिलं. मला राग नाही आला. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा या कायद्यावर दहा मार्कांचा प्रश्न होता. मी पानं भरभरून लिहिलं. आणि त्याच आठवड्यात बसस्टँडवर वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली पंचवीसला घेतली आणि गप्प बसले. दुकानदार म्हणाला, ‘थंड करायला लाईट लागते.’ मला उत्तर माहीत होतं, पण बस सुटायला आली होती, मागे लोक उभे होते, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. पाच रुपयांसाठी काय भांडायचं, असं वाटलं. तेव्हा कायदा माहीत असणं आणि तो वापरता येणं यांत किती अंतर आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

आज मी पुस्तकातलं कमी आणि आपल्याच एका गटातलं जास्त सांगणार आहे. त्या ताईंना विचारूनच सांगते, नाव मात्र घेत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस झाला, पेरण्या उरकल्या आणि सगळ्यांना एकदम युरिया पाहिजे झाला. या ताईंचे मालक कामाला पुण्याला, शेतीचं सगळं त्याच बघतात. दोन एकर कपाशी आणि थोडा मका. त्या तीन गोण्या आणायला दुकानात गेल्या. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीवर किंमत छापलेली असते २६६ रुपये ५० पैसे. तीन गोण्यांचे झाले ७९९ रुपये ५० पैसे. दुकानदार म्हणाला, माल कमी आलाय, गोणी ३४० ला पडेल. आणि नुसता युरिया मिळणार नाही, सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची ही ४५० ची बाटली घ्यावी लागेल. म्हणजे १०२० अधिक ४५०, एकूण १४७०. पैसे हातात नव्हते. ‘दिवाळीला द्या, मावशी, आपलंच दुकान आहे,’ असं म्हणून त्याने वहीत नाव लिहिलं. ताईंनी मशिनवर अंगठा दिला, गोण्या आणि बाटली घेऊन घरी आल्या. पावती नाही.

हे बाहेर कसं आलं? गटाच्या बैठकीत त्यांनी दीड हजाराचं अंतर्गत कर्ज मागितलं. दिवाळीपर्यंत उधारी ठेवायला नको म्हणून. सचिव ताईंनी नेहमीसारखं कारण विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि एक एक करून कळलं की बारा जणींपैकी सात जणींनी युरिया असाच चढ्या भावाने घेतलाय. कोणी ३२०, कोणी ३५०. प्रत्येकीला वाटत होतं की आपल्यालाच महाग लागला, इतरांना नीट मिळाला असेल. म्हणून कोणी बोललं नव्हतं.

आता हिशेब करा. ताईंचे जास्तीचे गेले ६७० रुपये ५० पैसे. गटात आपण महिन्याला दोनशे टाकतो. तीन महिन्यांची बचत गेली, त्यावर सत्तर रुपये. आपण बैठकीला उशिरा आलेल्या बाईला दहा रुपये दंड लावतो आणि इथे एका फेरीत तीन महिने गेले.

तर कायदा काय म्हणतो? एका खरेदीत चार गोष्टी मोडल्या होत्या, त्या सांगते.

पहिली, भाव. खताच्या बाबतीत १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे आणि त्याखाली १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे. युरियाचा भाव सरकार ठरवतं. टंचाई असो, पाऊस असो, गाडी उशिरा येवो, त्यापेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही. या कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

दुसरी गोष्ट, फलक. आज कोणतं खत किती शिल्लक आहे आणि भाव काय, हे दुकानात सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं. या दुकानात फलक होता. पोत्यांच्या मागे होता.

तिसरी, पावती. इथे नीट ऐका, कारण आपण सगळ्या इथेच फसतो. आपल्याला वाटतं रोख दिले तर पावती, उधारीला कसली पावती? तसं नाही. त्याच आदेशात लिहिलंय की रोख असो की उधार, विकणाऱ्याने पावती द्यायची. शिवाय आपण आधार देऊन अंगठा लावतो ना, त्या ई-पॉस मशिनमधूनही छापील पावती निघते. त्यावर गोण्या किती आणि किंमत किती हे येतं. ती कागदाची पट्टी तुमची आहे. ती बघितली तर आणखी एक कळतं, आपल्या अंगठ्यावर तीनच गोण्या लावल्यात की पाच. ग्राहक संरक्षण कायद्यातही बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून धरली आहे.

चौथी, बाटली. याला आपल्याकडे सगळेच ‘लिंकिंग’ म्हणतात. एक वस्तू पाहिजे असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट. आपण समजतो ही दुकानाची पद्धतच आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हेच वर्णन जवळजवळ याच शब्दांत लिहून ठेवलंय आणि त्याविरुद्ध तक्रार करता येते. मी बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा त्या ताई म्हणाल्या, ‘म्हणजे दिल्लीत बसून त्यांना आपलं दुकान माहीत होतं?’

दुकानदाराची बाजूही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. तो म्हणाला, ‘मला वरून माल देतानाच ही बाटल्यांची पेटी गळ्यात मारतात. मी कुठे विकू?’ यात तथ्य आहे. लिंकिंग पुष्कळदा वरच्या विक्रेत्याकडून सुरू होतं आणि घरंगळत आपल्या चुलीपर्यंत येतं. म्हणून तक्रारीत नुसतं दुकानाचं नाव लिहू नका, बाटलीचं आणि ती बनवणाऱ्याचंही लिहा, म्हणजे चौकशी वरपर्यंत जाऊ शकते. पण वरून अन्याय झाला म्हणून तो खालच्याच्या अंगावर ढकलायचा, हे काही मला पटत नाही.

पुढे काय झालं? चौघी जणी दुकानात गेल्या. भांडायला नाही, फक्त पावती मागायला. ‘मशिन बंद आहे.’ चालू होईपर्यंत बसतो, म्हणाल्या आणि बाकड्यावर बसल्या. दीड तास. मशिन काही चालू झालं नाही. मग पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. तारीख, कोणी किती गोण्या घेतल्या, छापील किंमत काय, दिले किती, बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर, सातही जणींच्या सह्या. सोबत गोणीवरच्या किमतीचा फोटो. दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली. पोच घ्यायचं सुचलं ते गटाच्या सवयीमुळे. बँकेत आपण स्लिपवर शिक्का घेतल्याशिवाय हलत नाही ना, तसंच.

नऊ दिवस कोणी आलं नाही. दहाव्या दिवशी अधिकारी आले, साठा तपासला, जबाब घेतले. त्यानंतर दुकानदाराने ताईंची बाटली परत घेतली, गोण्यांचे जास्तीचे २२० रुपये ५० पैसे वहीतून कमी केले. बाकीच्या सहा जणींचेही हिशेब दुरुस्त केले. टाळ्या वाजवू नका, गोष्ट संपली नाही.

ऑगस्टमध्ये कपाशीला दुसरा हप्ता द्यायची वेळ आली. ताई दुकानात गेल्या. भाव बरोबर सांगितला, पावतीही देतो म्हणाला. ‘पण मावशी, आता रोख. तुमची उधारी बंद.’

आणि हे बेकायदा नाही. उधार द्यायचं की नाही ही त्याची मर्जी. कोणताही कायदा त्याला उधार द्यायला लावू शकत नाही. ताई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘पोरी, तुझा कायदा बरोबर आहे, पण माझी कपाशी पिवळी पडली.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कायदा शिकवून मोकळी झाले होते, त्याची किंमत मात्र त्या मोजत होत्या.

मार्ग गटानेच काढला. त्याच आठवड्यात जादा बैठक घेतली आणि दोन हजाराचं अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा दोन टक्क्याने. तीन महिन्यांचं व्याज झालं १२० रुपयांच्या आत-बाहेर. उधारीत न दिसणारे जे ६७० जात होते त्यापुढे हे काहीच नाही, आणि ते व्याजही आपल्याच गटात राहिलं. मला तेव्हा समजलं की दुकानदाराची खरी ताकद टंचाईत नाही, त्याच्या वहीत आहे. जिचं नाव त्या वहीत आहे तिला पावती मागता येत नाही. आपण सावकाराच्या वहीतून सुटायला बचत गट काढले आणि कृषी केंद्राच्या वहीत तसंच नाव ठेवलं.

आता आजींनी हात वर केलाय. विचारा आजी.

आजी विचारतात, ‘बाजारात भेंडी ऐंशी रुपये किलो लावली तर तिच्यावरही केस करायची का?’

नाही आजी. हे स्पष्ट सांगायला हवं. महाग विकणं हा दरवेळी गुन्हा नसतो. भेंडीवर छापील किंमत नाही, सरकारने भाव ठरवलेला नाही. तिथे घासाघीस करायची किंवा पुढच्या पाटीवर जायचं. सगळ्याच मालाला लागू होईल असा नफेखोरीविरोधी एकच कायदा आपल्याकडे नाही. तीन ठिकाणी आपला हात धरता येतो. एक, जिथे सरकारने भाव ठरवलाय. दोन, जिथे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापली आहे. तीन, जिथे दुकानाने स्वतः दरपत्रक लावलंय किंवा आपल्याशी एक भाव ठरवून नंतर जास्त घेतलाय.

पहिल्यात युरिया येतो, रेशन येतं, आणि कपाशीचं बियाणंही येतं. बीटी बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकारने जाहीर केला होता, २०२५ च्या हंगामाला तो ९०१ रुपये होता. एखाद्या वाणाला मागणी आली की तेच पाकीट काळ्याबाजारात कितीला जातं ते तुम्ही मला सांगाल.

कधी कधी सरकार तेवढ्यापुरता भाव ठरवतं. कोरोनाच्या वेळचं आठवतंय? मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातले. तीन पदरी मास्क जास्तीत जास्त दहा रुपये, दोन पदरी आठ, सॅनिटायझरची दोनशे मिलीची बाटली शंभर. तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी रात्र रात्र मशिनवर कापडी मास्क शिवत होत्या. अडचणीतल्या माणसाकडून मनाला येईल तो भाव घ्यायचा नाही, यासाठी तो आदेश होता.

कांद्याचं मात्र वेगळं आहे. भाव चढले की सरकार व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालतं. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊकला २५ टन आणि किरकोळला २ टन अशी घातली होती. शहरातल्या बाईला बरं वाटतं. आपल्यातली जी कांदा पिकवते तिच्या पोटात गोळा येतो, कारण व्यापारी लगेच खरेदी आखडती घेतो. आपण घेणाऱ्याही आहोत आणि विकणाऱ्याही, त्यामुळे स्वस्त म्हणजे चांगलं असं मला सरसकट म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार पाकीटबंद मालाचा. तेलाची पिशवी, साबण, बिस्किट, थंड पेय. छापलेली किंमत सगळे कर धरून असते आणि ती वरची हद्द असते. तिच्या खाली कितीही विकता येतं, वर नाही. त्यावर नवं लेबल चिकटवून किंमत वाढवता येत नाही. थंड करायचे वेगळे पैसे, हे किराणा दुकानात चालत नाही. हॉटेलात टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीची गोष्ट निराळी, तिथे सेवाही मिळते म्हणून जास्त घेता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. म्हणून हॉटेलात वाद घालू नका, बसस्टँडच्या टपरीवर घाला. मीही आता घालते. याची तक्रार वैध मापन विभागाच्या निरीक्षकाकडे होते, वजनकाट्याची पण तिथेच. गॅस सिलिंडरचंही बघा. घरपोच देणारा पोरगा वरचे तीस रुपये मागतो. बिलावर जेवढे आहेत तेवढेच द्यायचे. उन्हातान्हात आला म्हणून खुशीने द्यायचे असतील तर द्या, पण मग ती खुशी आहे.

आणि आता आपलीच एक चूक. यात्रेत आपल्या पापडाचा स्टॉल होता. गर्दी बघून आपण साठ रुपयांचं पाकीट ऐंशीला लावलं. एक बाई आली, म्हणाली, मागच्या आठवड्यात तुमच्याच गावातून साठला नेलं होतं. आपल्या पाकिटावर किंमतच नव्हती. मी तिथेच उभी होते, काय बोलावं कळेना. पाकिटावर बनवणाऱ्या गटाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर हे छापायलाच हवं. कायदा दुकानदाराला वेगळा आणि बचत गटाला वेगळा नाही. पुढच्या महिन्यात स्टिकर छापून येतायत, त्याशिवाय एकही पाकीट बाहेर जाणार नाही असं सचिव ताईंनी सांगितलंय.

तक्रार कुठे करायची ते थोडक्यात. फोनवर करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्याने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. ‘शेतकरी ग्राहक थोडाच आहे, तो धंदा करतो,’ असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू कायद्यात बसते, मग ते बियाणं असो की शिलाई मशिन. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलंय.

एक ताई म्हणाल्या, ‘एवढं सगळं बायकांनी करायचं? गावात नाव होतं.’ होतं खरं. १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या होत्या. त्या वेळी ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता, तो १९८६ मध्ये आला. त्यांचंही नाव झालंच असेल की. आपल्याला तर लाटणं न्यायचं नाही, फक्त पावती आणायची आहे.

तर या हंगामासाठी माझी मागणी आहे. प्रत्येक गटाने या महिन्याच्या बैठकीत कोणाला किती गोण्या खत लागणार याची यादी करायची. ज्यांच्याकडे रोख नाही त्यांना खतासाठी अंतर्गत कर्ज आधी द्यायचं, पिवळी पडल्यावर नाही. तसा ठराव इतिवृत्तात लिहायचा. दुकानात किमान तिघींनी मिळून जायचं, अंगठा दिला की पट्टी मागायची, उधार घेतलं तरी मागायची. ज्यांची जुनी उधारी अजून फिटलेली नाही त्यांनी दुकानदाराशी आत्ताच भांडण काढू नका. आधी गटाकडून कर्ज घेऊन वहीतलं नाव काढा, मग पावती मागा. हा क्रम मी चुकवला होता.

पुढच्या सभेला सगळ्यांनी खताच्या पावत्या आणायच्या. ज्यांना मिळाली नाही त्यांनी दुकान, तारीख आणि रक्कम वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणायची. अर्जाचा कोरा नमुना सीआरपी ताईंकडे ठेवलाय, जाताना एक एक घ्या. आणि त्या ताई आज आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्यात. यंदा त्यांनी पाच गोण्या घेतल्या, २६६ रुपये ५० पैशाने, पट्टी त्यांच्या पिशवीत आहे. बघायची असेल तर चहाच्या वेळी दाखवतील.